फेट्याचं दुसरं टोक

पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या मुलीला ऐन वेळी चक्कर आली आणि तिच्या जागी भार्गवी उभी राहिली, हे त्या शाळेचं दुर्दैव. तोवर नववीतली ही मुलगी हजेरीलासुद्धा इतकी हळू "येस मिस" म्हणायची की महिन्यातून दोनदा तरी तिची गैरहजेरी लागायची. त्या दिवशी मात्र माइकपुढे ती अकरा मिनिटं बोलली, कन्नडमध्ये, न अडखळता, आणि टाळ्या पडल्या. झालं! त्या टाळ्या तिच्या कानात शिरल्या त्या परत बाहेर निघाल्याच नाहीत.

तेव्हापासून भार्गवीला सगळ्यातलं सगळं कळू लागलं. हुबळीच्या दाजीबानपेठेत तिच्या वडिलांचं फेटे, शाली आणि उपरण्यांचं दुकान. शाळा सुटल्यावर ती गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना न विचारता सल्ले द्यायची. एका नवरदेवाला तिने सांगितलं, "तुमचं नाक जरा पुढे आहे ना, तुरा उंच घ्या, म्हणजे लोक वर बघतील." नवरदेव वऱ्हाडासकट समोरच्या दुकानात गेला.

"भार्गव्वा," प्रशांत, म्हणजे तिचे अप्पा, हात जोडून म्हणाले, "तू गप्प होतीस तेव्हा धंदा बरा होता बघ."

अशा मुलीच्या हाती विज्ञान प्रदर्शनाची नोटीस पडली, तर दुसरं काय होणार? हुबळी-धारवाडच्या शाळांचं प्रदर्शन, विद्यानगरातल्या एका शाळेत. बुधवारी पहिली फेरी, शनिवारी अंतिम. पहिला येईल त्या एकाच विद्यार्थ्याला मे महिन्यात दोन आठवडे बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत राहून काम करायला मिळणार. एकालाच. भार्गवीने नोटीस अर्धीच वाचली आणि तिथून पुढे ती मनाने बंगळूरलाच राहायला गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, हिने तर दोन्ही गुडघ्यांना बांधलं.

बाकीची मुलं ज्वालामुखी आणि पवनचक्क्या करत होती. भार्गवीला असलं पोरकट काही चालणार नव्हतं. तिने विषय निवडला तो असा, की वर्गशिक्षिकांनी तो दोनदा वाचला आणि मग "छान" म्हणून चष्मा पुसला.

"अप्पा, ऐका," ती दुकानात सांगू लागली. "आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात. आपल्याला ताण आला की त्या कॉर्टिसॉल सोडतात. ते स्टेरॉइड हार्मोन."

"स्टेरॉइड? जिममधली पोरं घेतात ते?"

"ते त्याचे चुलत भाऊ. मध्ये बोलू नका. तर हे हार्मोन रक्तातून पेशीत शिरतं. आत त्याची वाट बघत एक प्रोटीन बसलेलं असतं, त्याचं नाव रिसेप्टर. दोघांची गाठ पडली की रिसेप्टर हार्मोनला घेऊन पेशीच्या केंद्रकात जातो आणि तिथल्या जनुकांना कामाला लावतो."

"म्हणजे लग्न झालं."

"पण हार्मोन यायच्या आधी या रिसेप्टरला दुसऱ्या प्रोटीनांनी धरून ठेवलेलं असतं. त्यांना शॅपरॉन म्हणतात. त्यातला मोठा म्हणजे एचएसपी नव्वद."

"धरून? कशाला धरून?"

इथे खरं तर भार्गवीने थांबून विचार करायला हवा होता. अप्पांनी नेमका प्रश्न विचारला होता. पण थांबणं आणि भार्गवी यांची पंधरा ऑगस्टपासून बोलचाल बंद होती. "कशाला म्हणजे? पळू नये म्हणून!" ती म्हणाली. "रिसेप्टर हा कैदी, शॅपरॉन हा जेलर आणि हार्मोन म्हणजे जामीन."

हे तिला स्वतःलाच इतकं आवडलं की तिने लगेच शालींच्या रिकाम्या खोक्यांचा तुरुंग केला. आत पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला बाहुला, दारात मिशांचा जेलर. जेलरच्या मिशा इतक्या झोकात जमल्या की त्या करण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. तिच्या आईने, विमलने, सुचवलं, "अगं, कुठे वाचलंयस का नीट याबद्दल?" भार्गवीने चौदा पानांचा एक शोधनिबंध छापून आणला होता. "वाचलाय की," ती म्हणाली. म्हणजे शीर्षक वाचलं होतं आणि चित्र बघितलं होतं. चित्रात शॅपरॉनने रिसेप्टरला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. आणखी काय पुरावा पाहिजे?

बुधवारी परीक्षक म्हणून आल्या त्या कविता मॅडम. धारवाडला पेशींवर संशोधन करणाऱ्या, बारीक, शांत, हातात पेन्सिल. त्यांनी तुरुंग बघितला, मिशांकडे बघून हसल्या आणि जामिनाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"छान सांगतेस. एकच विचारते," त्या म्हणाल्या. "या जेलरला मी काढून टाकलं, तर?"

"तर कैदी सुटला, मॅडम! हार्मोन नसतानाच पळत केंद्रकात जाईल."

"नक्की?"

"शंभर टक्के."

मॅडमनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं. "तुला अंतिम फेरीत घेते. पण शनिवारपर्यंत हे बघून ये. जेलर काढून कुणी पाहिलाय का, पाहिला असेल तर काय झालं."

दुसऱ्या कुणालाही यातून कळलं असतं की आपलं चुकलंय. भार्गवीला कळलं ते असं, की मॅडमना उत्तर माहीत नाही आणि बिचाऱ्या आपल्याकडून शिकू बघतायत.

गुरुवारी प्रदर्शनाच्या शाळेतून दुकानात ऑर्डर आली. शनिवारी मुख्य पाहुण्यांना स्टेजवर फेटा बांधून मान द्यायचा आहे, तर प्रशांतनी यावं. ऑर्डर ऐकताक्षणी भार्गवीच्या डोक्यात दिवा लागला. दिवा कसला, भडका!

"अप्पा, फेटा मी बांधणार!"

"तू? कुणाला?"

"पाहुण्यांना. तोच माझा प्रयोग. फेटा म्हणजे रिसेप्टर. आणि शॅपरॉन म्हणजे आपली तानूअक्का!"

आता तानूबाईंविषयी सांगायला हवं. फेटा एकट्याने बांधता येत नाही. आठ मीटर कापड असतं ते. एकजण डोक्यावर पेच घालतो आणि दुसरा खोलीच्या टोकाला कापडाचं दुसरं टोक धरून उभा राहतो. प्रशांतच्या दुकानात हे टोक गेली सव्वीस वर्षं तानूबाईंच्या हातात होतं. अळणावरजवळच्या खेड्यातून त्या लग्न होऊन हुबळीला आल्या आणि दुकानात झाडलोट करता करता एक दिवस टोक धरायला उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच. दुकानात एरवी मराठी, पण फेटा बांधताना हुकूम कन्नडमध्ये चालायचे. "हिडीरी," म्हणजे धरा, असं प्रशांत म्हणायचे आणि शेवटी तुरा खोचून झाल्यावर "बिडरी," म्हणजे सोडा. या दोन शब्दांच्या मधल्या वेळात तानूअक्का काय करतात, तर काहीच नाही, नुसत्या उभ्या राहतात, अशी भार्गवीची लहानपणापासूनची पक्की समजूत होती. तिला वाटायचं, एखाद्या खुंटीला गाठ मारली तरी चालेल.

"मी काय करायचं गं?" तानूबाईंनी विचारलं.

"तू जेलर. मी चार पेच घातले की मोठ्याने 'बिडरी' म्हणेन. तू सोडायचंस. मग सगळ्यांना दिसेल की जेलर गेला आणि फेटा मोकळा झाला. मोकळा, पण जागच्या जागी, कामाला तयार!"

तानूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मधीच सोडू? फेटा बांधताना मधी कोण सोडतंय गं, पोरी?"

"अक्का, हे सायन्स आहे."

"असंल बाई," तानूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी तालीम झाली. स्टुलावर पितळी घागर उपडी ठेवून भार्गवीने तीन फेटे बांधले. लहानपणापासून बघत आल्यामुळे हात बरा बसला होता आणि दुसऱ्या टोकाला तानूअक्का होत्या, त्यामुळे तिन्ही फेटे झोकात उभे राहिले. अप्पांच्या तोंडून "वा!" निघालं. 'बिडरी'चा भाग मात्र तिने एकदाही करून पाहिला नाही. जे होणारच आहे ते करून कशाला बघायचं?

शनिवारी सभागृह भरलं होतं. मुख्य पाहुणे बाळाचार्य सर, निवृत्त शिक्षक, गोल चेहरा आणि डोक्यावर एकही केस नाही. भार्गवीने ते डोकं पाहिलं आणि तिला आनंद झाला. घागरीवरच तर सराव झाला होता! सरांना खुर्चीत बसवलं, तानूबाई स्टेजच्या पलीकडच्या टोकाला केशरी कापड धरून उभ्या राहिल्या, प्रशांत पहिल्या रांगेत, आणि भार्गवी एका हाताने माइक आणि एका हाताने कापड सांभाळत सुरू झाली. तिने ग्रंथी सांगितल्या, हार्मोन सांगितलं, बोलता बोलता शेमला पाठीवर सोडला आणि चार पेच घातले. पोरं टाळ्या वाजवत होती. शेजारच्या टेबलाजवळ कमरीपेठेची प्रियांका उभी होती. तिने चाळीस घरांच्या पाण्याच्या टाक्यांतल्या डासांच्या अळ्या मोजल्या होत्या. भार्गवीला तिची कीवच आली.

"आता बघा," भार्गवी माइकमधून म्हणाली. "कविता मॅडमनी मला विचारलं होतं, जेलर गेला तर काय होईल? तर हे होईल. तानूअक्का, बिडरी!"

तानूबाईंनी क्षणभर प्रशांतकडे पाहिलं. मग पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून टोक सोडलं.

फेटा मोकळा झाला, हे खरं. पहिला पेच ढिला पडला, दुसरा घसरला, आणि त्या गुळगुळीत डोक्यावरून उरलेलं सगळं कापड सरसर खाली येऊन बाळाचार्य सरांच्या डोळ्यांवर, नाकावर आणि गळ्याभोवती बसलं. आतून एक शिंक आली. सभागृहात असा हशा उसळला, की मागच्या बाकावरचा कुणीतरी खरोखरच खाली पडला. पहिल्या रांगेत प्रशांतनी स्वतःचं तोंड उपरण्यात लपवलं.

बाळाचार्य सरांनी दोन बोटांनी कापड वर केलं आणि एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. माणूस प्रेमळ होता. चाळीस वर्षं मुलं सांभाळलेला. "काय गं बाळ," ते माइकमध्ये ऐकू जाईल असं म्हणाले, "मुद्दामच दाखवलंस ना हे? धरणारा नसला की काय गत होते ते?"

बंगळूर ताटात वाढून आलं होतं. नुसतं "हो सर" म्हणायचं होतं. हशाच्या टाळ्या झाल्या असत्या आणि मॅडमना हवं होतं तेच उत्तर नेमकं दाखवल्यासारखं झालं असतं. दोन शब्द. अकरा मिनिटं बोलणाऱ्या मुलीला दोन शब्द ते काय जड?

भार्गवीने तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर तानूबाईंवर गेली. त्या रिकामे हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या, चूक आपलीच झाल्यासारख्या.

"नाही सर," भार्गवी म्हणाली. "मुद्दाम नाही. मला वाटलं होतं फेटा डोक्यावर तसाच राहील. माझं चुकलं. तानूअक्काने मला आधीच सांगितलं होतं." आणि मग, माइक चालू आहे हे विसरून, "अय्यय्यो, मी निबंध वाचलाच नाही."

पुन्हा हशा. पण या वेळी कविता मॅडम हसत नव्हत्या. त्या उठून स्टेजजवळ आल्या.

"आता तरी सांग. जेलर गेला, तर कैदी पळाला का?"

"नाही मॅडम. कैदी..." भार्गवीने सरांच्या गळ्यातल्या कापडाकडे पाहिलं. "कैदी उरलाच नाही. नुसतं कापड उरलं."

"बरोबर. पेशीत औषध घालून एचएसपी नव्वदचं काम बंद पाडून बघितलंय लोकांनी. रिसेप्टर सुटून पळत नाही. त्याचा आकारच बिघडतो, हार्मोन समोर आलं तरी ते त्याला धरता येत नाही. मग पेशी त्याला मोडीत काढते. तुला वाटलं जेलर अडवतो. तो तयार ठेवतो." मॅडमनी पेन्सिल कानामागे खोचली. "एके काळी शास्त्रज्ञांनाही तुझ्यासारखंच वाटायचं, हं. फक्त त्यांनी ते कुणाच्या डोक्यावर करून बघितलं नाही."

"आमच्या डोक्याचं काय ते ठरवा," बाळाचार्य सर म्हणाले. "मान द्यायला बोलावलंत, तर फेटा घेतल्याशिवाय मी उठत नाही."

प्रशांत उठून पुढे आले, पण सरांनी हात केला. "तिलाच बांधू दे."

भार्गवीने पुन्हा कापड घेतलं. माइक बाजूला ठेवला, कारण आता दोन्ही हात लागणार होते, आणि हे तिला आधी सुचलं नव्हतं. "हिडीरी," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने पेच घालता घालता दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तानूअक्का नुसत्या उभ्या नव्हत्या. पेच कपाळावर येताना त्या ताण देत होत्या, मागे वळताना बोटभर ढील सोडत होत्या, परत खेचत होत्या, मधूनच मनगटाने पीळ देत होत्या आणि भार्गवीच्या हातातलं कापड ओळखून एकेक पाऊल पुढे येत होत्या. धरणं आणि सोडणं, धरणं आणि सोडणं, सारखं चाललं होतं. सात मिनिटं भार्गवी एक शब्द बोलली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काय रे, माइक बिघडला काय?"

तुरा उभा राहिला. फेटा थोडा डावीकडे कललेला होता, पण होता डोक्यावर.

"काय दिसलं?" कविता मॅडमनी विचारलं.

"अक्का एकदा धरून थांबत नाही, मॅडम. सारखी धरते आणि सोडते. प्रत्येक पेचाला नव्याने."

"हं. पेशीतही तसंच चालतं. पुन्हा पुन्हा. आणि हार्मोन येऊन बसलं, की शॅपरॉन लगेच निघून जातो का?"

"माहीत नाही, मॅडम." हे वाक्य तिने पंधरा ऑगस्टनंतर प्रथमच उच्चारलं आणि ते तोंडातून निघताना जरा खरखरलं.

निकाल लागला. पहिली प्रियांका. तिला आधी वाटलं होतं उघड्या टाक्यांत अळ्या जास्त असतील, अकराव्या घरात ते चुकतंय असं दिसलं, म्हणून तिने सगळी घरं पुन्हा मोजली होती. भार्गवीचा नंबर चौथा. चौथ्याला एक पेन मिळालं. बंगळूर गेलं ते गेलंच. तिने प्रियांकाशी हात मिळवला, आणि "मला वाईट वाटलेलं नाही" असं सांगायला गेली तर आवाज फाटला, मग ती तोंड धुवायला पळाली.

परत आली तर कविता मॅडम तिच्याशी बोलायला थांबलेल्या दिसल्या. भार्गवीने केस नीट केले, चेहरा नम्र केला आणि पुढे झाली. मॅडम तिला ओलांडून तानूबाईंकडे गेल्या.

"तानूबाई, कधी ढील द्यायची ते तुम्हाला कसं कळतं हो?"

"ते हाताला कळतंय बघा. डोळ्याला न्हाई."

"आमच्या विद्यार्थ्यांना दाखवाल का? सोमवारी धारवाडला या. वर्षभर शिकवूनसुद्धा हे मला त्यांच्या डोक्यात घालता आलेलं नाही."

तानूबाईंनी पदर दातांत धरला आणि प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत म्हणाले, "जावा की. मी येतो बांधायला."

"नको," तानूबाई हळूच म्हणाल्या. "यावेळी बांधते मी. सव्वीस वर्षं बघूलालेय की. धरायला ही येऊ दे." आणि त्यांनी भार्गवीकडे बोट केलं.

असा भार्गवीचा धारवाडच्या प्रयोगशाळेत प्रवेश झाला. वीस विद्यार्थी पांढऱ्या कोटांत उभे, मधोमध खुर्चीत कविता मॅडम स्वतः, त्यांच्या मागे तानूबाई, कासोटा खोचून तयार, आणि बारा पावलांवर, फ्रिजला टेकून, फेट्याचं टोक धरलेली भार्गवी. काम सोपं. पण दुसऱ्याच पेचाला तिची बोटं दुखू लागली, तिसऱ्याला मनगट.

"ढील दे गं!" तानूबाई ओरडल्या. "आवळूलालीस किती! फास लावायचाय व्हय मॅडमला?"

ढील दिली. "एवढी न्हवं!" मग खेचलं. "हळू!" समोरची पांढऱ्या कोटांची रांग वहीत काहीतरी लिहीत होती आणि भार्गवीला राहून राहून वाटत होतं, हे आपलंच लिहितायत. घाम डोळ्यांत उतरला. पण पाचव्या पेचाला काहीतरी झालं. कापडातून तानूअक्काचा हात पलीकडून येऊन तिच्या बोटांना लागल्यासारखा वाटला, आणि कुणी न सांगता तिची बोटं आपोआप बोटभर सैल झाली, परत मिटली. तानूबाई काहीच ओरडल्या नाहीत. सहावा पेच पडला, सातवा पडला.

चष्मा लावलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "आत्ता नेमकं काय केलंस?"

भार्गवीला हे सांगायचंच होतं. ती त्याच्याकडे वळली, समजावून सांगायला एक हात वर केला, आणि टोक सुटलं.